लग्नाची खरेदी तोंडावर आलीये आणि मला काही घ्यायलाच नको वाटतंय

पत्र:

ताई, मी २८ वर्षांची, डोंबिवलीला राहते, नोकरी करते. डिसेंबरमध्ये भावाचं लग्न आहे. आई आणि काकूने यादी काढलीये: आहेराच्या ५२ साड्या, प्रत्येकी साडेचारशेच्या आसपास, पुरुषांना पॅन्ट-शर्ट पीस, ओटीचे ब्लाउज पीस वेगळे. त्यातल्या १२ साड्या काकूने आणल्या पण. मध्यंतरी मी बांगलादेशातल्या त्या कोसळलेल्या बिल्डिंगबद्दल व्हिडिओ बघितला, तेव्हापासून कपड्यांच्या दुकानात गेलं की कसंतरीच होतं. इन्स्टावर जे सस्टेनेबल ब्रँड दिसतात त्यांचा एक कुर्ता चार हजारांचा, तो मला परवडत नाही आणि ते खरं बोलतायत का तेही कळत नाही. आई म्हणते ही श्रीमंतांची थेरं आहेत. आणि माझं स्वतःचं कपाट उघडलं की कपडे अंगावर पडतात. स्वस्तातलं घेणं चूक आहे का? मी नक्की काय करू, आणि आईला न दुखावता सांगू कसं?
– गोंधळलेली, डोंबिवली

उत्तर:

प्रिय गोंधळलेली,

तुला अगं-तुगं करते, चालेल ना. तुझ्या पत्रात चार-पाच प्रश्न एकमेकांत गुंतलेत, ते तुझ्या क्रमाने नाही सोडवत, जिथं मला जास्त सांगण्यासारखं वाटतंय तिथं जास्त बोलते.

आधी तो स्वस्त-महागाचा प्रश्न, कारण मला वाटतं तुझी खरी अडचण तिथंच आहे. तू जी बिल्डिंग बघितलीस ती राणा प्लाझा, ढाक्याजवळ सावरला, २४ एप्रिल २०१३. आदल्या दिवशी भिंतींना मोठ्या भेगा दिसल्या म्हणून खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली, आणि वरच्या मजल्यांवरच्या गारमेंट कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं, नाही आलात तर पगार कापू असं सांगून. अकराशेच्या वर माणसं गेली, त्यात बहुतेक तरुण बायका होत्या, तुझ्याच वयाच्या किंवा तुझ्याहून लहान. आता यातली लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की त्या कारखान्यांतून कपडे जायचे ते युरोप-अमेरिकेतल्या नावाजलेल्या ब्रँडना, एसी लावलेल्या चकचकीत दुकानांत. म्हणजे टॅगवरचा आकडा बघून शिवणाऱ्या बाईला किती मिळाले हे कळतच नाही, कपड्याच्या किमतीत तिच्या मजुरीचा वाटा तसाही फार छोटा असतो, बाकी सगळं कापड, वाहतूक, दुकानाचं भाडं, जाहिरात आणि नफा. त्यामुळे साडेचारशेची साडी घेणारा पापी आणि चार हजारांचा कुर्ता घेणारा पुण्यवान असा हिशोब करू नकोस, आणि तुझ्या आईला तर तो मुळीच ऐकवू नकोस.

आणि राणा प्लाझानंतर जे थोडंफार बदललं ते कशामुळे बदललं तेही बघ. त्याच वर्षी मे महिन्यात कामगार संघटना आणि ब्रँड यांच्यात आग आणि इमारतींच्या सुरक्षेबद्दल करार झाला, कायद्याने बांधून घेणारा, बाहेरच्या तज्ज्ञांनी इन्स्पेक्शन करायचं आणि त्यांचे रिपोर्ट जाहीर करायचे असा. तो झाला तो कामगारांच्या संघटना मागे लागल्या म्हणून आणि जगभरात लोक ब्रँडना जाब विचारायला लागले म्हणून. तेव्हा दुकानात कसंतरी होणं वाईट नाहीये गं, पण त्याचं रूपांतर प्रश्न विचारण्यात व्हायला पाहिजे, नाहीतर नुसतं आपणच आपल्याला खात बसतो आणि शिवणारीला त्याचा काही उपयोग होत नाही.

बांगलादेश लांब वाटत असेल तर भिवंडी तुझ्यापासून किती लांब आहे ते बघ. आपल्या अंगावरचं कितीतरी कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या पॉवरलूमवर विणलेलं असतं, तिथं बारा-बारा तासांची पाळी अजून नेहमीची आहे, पैसे विणलेल्या कापडाच्या मापावर, आणि मागांचा आवाज इतका की जवळ उभं राहून बोललेलं ऐकू येत नाही. तुझ्या घरी लग्न आहे म्हणून अजून एक सांगते. तमिळनाडूच्या सूतगिरण्यांमध्ये सुमंगली नावाची एक पद्धत बरीच वर्षं चालली. गरीब घरच्या मुलींना तीन वर्षांसाठी कामाला आणायचं, गिरणीच्याच हॉस्टेलवर ठेवायचं, बाहेर जाण्यावर बंधनं, आणि पगाराचा मोठा हिस्सा शेवटी एकरकमी द्यायचा, तुझ्या लग्नाला, हुंड्याला होतील म्हणून. मधेच आजारी पडून घरी गेली की ते पैसेही हातात येतील याची खात्री नाही. आपण एका लग्नासाठी जे कापड घेतो ते दुसरीच्या लग्नाच्या नावाखाली असं तयार झालेलं असू शकतं, हे कळल्यापासून मला आहेराच्या साड्यांचा गठ्ठा बघितला की नको होतं.

आता कापसाकडे येऊ. तू कुठंतरी वाचलंच असशील की एका कॉटन टीशर्टला २,७०० लिटर पाणी लागतं. हा आकडा सगळीकडे फिरतो, पण तो जगाची सरासरी काढून केलेला अंदाज आहे, आणि आपल्या विदर्भ-मराठवाड्यातला कापूस बहुतेक कोरडवाहू आहे, म्हणजे तो पावसावर येतो, कालव्याच्या पाण्यावर नाही. आपल्याकडचं दुखणं वेगळं आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या वर शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो लोक दवाखान्यात दाखल झाले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, फवारा सरळ तोंडावर यायचा, अंगावर मास्क नाही की हातमोजे नाहीत. बोंडअळीला तोंड देणारं बीटी बियाणं २००२ मध्ये आलं तेव्हा फवारण्या कमी होतील असं सांगितलं होतं, पुढे गुलाबी बोंडअळी त्यालाही जुमानेनाशी झाली आणि फवारण्या परत वाढल्या. म्हणून मला ऑरगॅनिक कॉटन महत्त्वाचं वाटतं ते माझ्या त्वचेसाठी नाही, फवारणाऱ्या माणसासाठी. दुकानात जे सांगतात ना की ऑरगॅनिक घ्या, बाळाच्या अंगाला मऊ लागतं, तो खूपच छोटा फायदा झाला.

रंगाईचं पाणी हा तर तुझ्या घराजवळचाच विषय. उल्हासनगरच्या जीन्स वॉश करणाऱ्या युनिट्सचं पाणी वर्षानुवर्षं वालधुनी नदीत गेलं, इचलकरंजीच्या प्रोसेसिंगचं पंचगंगेत, तिरुपूरला तर नोय्यल नदीची अशी अवस्था झाली की २०११ मध्ये मद्रास हायकोर्टाने रंगाईचे कारखाने बंद ठेवायला लावले. फेडेड, फाटका, दगडाने घासल्यासारखा दिसणारा जीन्स नवीनच विकत घ्यायचा म्हणजे त्यासाठी जास्तीचं धुणं आणि जास्तीची केमिकल्स. साधा गडद निळा घे, वापरून वापरून तो आपोआप फेड होतो की.

एवढं सगळं सांगून मी ज्याच्याकडे येतेय ते अगदी साधं आहे. कुठल्या ब्रँडचं घेतलं यापेक्षा किती घेतलं याने जास्त फरक पडतो, आणि तुझ्या हातात आत्ता सगळ्यात मोठा आकडा कुठला आहे तर ५२. तू स्वतःसाठी एक गॉट्सचं, म्हणजे ऑरगॅनिक कापडाचं लेबल असलेला कुर्ता घेतलास आणि घरात त्या ५२ साड्या आल्याच, तर काय झालं मग? म्हणून माझा सल्ला, कुर्त्याचा विचार महिनाभर बाजूला ठेव आणि सगळा जोर आहेराच्या यादीवर लाव.

आहेराच्या साड्यांचं काय होतं ते आपल्याला सगळ्यांना माहितीये, फक्त कोणी बोलत नाही. सुरतेहून आलेली पॉलिस्टरची साडी, खोक्यात चकाकते, घरी आणली की दिवाणात जाते, मग पुढच्या लग्नात कुणाला तरी दिली जाते, चिकटवलेली नावाची चिठ्ठी काढून. ती तिथूनही पुढे जाते. ब्लाउज पीसचं तर विचारूच नकोस, एकच पीस हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, वास्तुशांतीला असा फिरत राहतो आणि त्याचा ब्लाउज कधीच होत नाही, कारण तो ना धड पुरतो ना अंगाला सोसतो. पॅन्ट-शर्ट पीसची शिलाई कापडापेक्षा महाग पडते म्हणून ते तसेच पडून राहतात. आणि हे सगळं पेट्रोलियमपासून बनलेलं, म्हणजे शेवटी कचऱ्यात गेलं की कुजणारही नाही, प्लास्टिकच ते. एवढा पैसा, एवढे श्रम, कुणाच्या तरी बारा तासांच्या पाळ्या, आणि कापड अंगाला लागतच नाही. मला याचं खरंच फार वाईट वाटतं.

पण, आणि हा पण मोठा आहे, आहेर म्हणजे नुसतं कापड नाही हे तुझी आई तुझ्यापेक्षा जास्त ओळखते. कुणाला दिला आणि कुणाला विसरले यावरून माणसं वर्षानुवर्षं धरून बसतात, आत्याला मानाची साडी नाही मिळाली तर ती चारचौघांत काही बोलणार नाही पण लक्षात ठेवेल. आईला तू "आहेर बंद करू" म्हणालीस तर तिला ऐकू येणार की माझ्या माणसांचा मान काढून घे. म्हणून बांगलादेश, पाणी, प्लास्टिक यातलं काहीही आईला सांगू नकोस, निदान सुरुवातीला तरी नको. एखाद्या रविवारी दुपारी तिच्यासोबत बस आणि घरातल्या दिवाणातल्या, ट्रंकेतल्या आहेरात आलेल्या साड्या बाहेर काढा. तू काही बोलायचं नाही, फक्त विचारायचं, ही कुणी दिली गं, ही कधी नेसलीस का. आई स्वतःच बोलायला लागेल. मग यादी हातात घ्या आणि नावापुढे खूण करा: ही मानाची, हिला खरंच आनंदाने द्यायचीये. आई, तुझ्या आत्या, मामी, मावश्या, आजी, करवली... माझा अंदाज आहे बारा-चौदा नावांच्या पुढे ती खूण जाणार नाही.

आता पैशाचं बघ, कारण आई "थेरं" म्हणाली ती पैशाच्या काळजीने म्हणाली. ५२ साड्या साडेचारशेने म्हणजे २३,४०० रुपये. तेवढ्यात दीड हजारांच्या चौदा हातमागाच्या सुती साड्या येतात, २१,००० ला, आणि वर २,४०० उरतात. दीड हजारात मंगळगिरी मिळते, बंगाली कॉटन मिळते, नेसायला हलकी, ऑफिसला चालते, सणाला चालते, पाच-सहा वर्षांनी जुनी झाली की गोधडीत जाते. मामीला साडेचारशेची साडी दिली तर ती हसून ठेवून देईल, ही ती नेसेल. काकूला हा हिशोब कागदावर लिहून दाखव, काकू लोकांना कागदावरचं पटतं असा माझा अनुभव आहे.

उरलेल्या अडतीस जणींचं काय? त्यांना काही द्यायलाच पाहिजे असं नाही. पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" छापणारी घरं आता पुष्कळ आहेत, तेच आपणही द्यायचं नाही असं दोन्हीकडून ठरवता येतं, पण त्यासाठी मुलीकडच्यांशी आधी बोलावं लागेल आणि हा फोन आईनेच विहीणबाईंना करायचा, तू किंवा भावाने नाही. बऱ्याचदा समोरचेही मनातून हेच म्हणत असतात आणि पहिलं कोण बोलणार म्हणून थांबलेले असतात. दोघींचं जमलं तर दोन्ही बाजूंचे मिळून शंभरेक नग वाचतात. अगदीच काहीतरी हातावर ठेवायचं असेल तर सोलापुरी सुती टॉवेल किंवा चांगला पंचा दे, घराघरात वापरला जातो. पुरुषांना टॉवेल-टोपी पुरे, पीस अजिबात नको. आणि ओटीसाठी पाच-सातच पीस घ्या पण पूर्ण एक मीटरचे, सुती, ज्याचा ब्लाउज होईल. फक्त साड्यांच्या जागी प्लास्टिकचे डबे नाहीतर शोपीस येणार असतील तर मग राहू दे, त्यात काही अर्थ नाही.

काकूने आणलेल्या त्या १२ साड्यांवरून भांडण काढू नकोस हं. आधी दुकानदाराला विचारा, घडी मोडली नसेल, बिल असेल तर असे होलसेलवाले बदलून देतात बऱ्याचदा, त्याबदल्यात सुती साड्या किंवा टॉवेल घ्या. नाहीच घेतल्या तर त्या अशा बायकांना द्या ज्या रोज सिंथेटिक साडी नेसतात. पुष्कळ बायका मुद्दाम तीच पसंत करतात, पटकन वाळते, इस्त्री लागत नाही, कामाला मजबूत. फक्त "ही घे" म्हणून हातात कोंबू नका, बाराच्या बारा समोर मांडा आणि त्यांना रंग निवडू द्या. साडी नेसली गेली की झालं, मग ती पॉलिस्टरची का असेना. तुझ्या कपाटातल्या पॉलिस्टरच्या कुर्त्यांनाही हेच लागू, अपराधी वाटून ते फेकून देऊ नकोस, ते बनवताना जे व्हायचं नुकसान ते झालेलं आहे, आता फाटेपर्यंत वापर.

भावाच्या लग्नात तू स्वतः काय घालणार याबद्दल तू काही विचारलं नाहीस, पण घेशीलच काहीतरी, तर आधी आईचा शालू किंवा पैठणी असेल ती बघ. ब्लाउज होत नसेल तर जुन्या शिंप्यांनी आत भरपूर माया ठेवलेली असते, उसवून दोन-दोन इंच सहज मिळतात, आणि नाहीच पुरलं तर नुसता ब्लाउज नवा शिव. रिसेप्शनचा लेहेंगा मात्र विकत घेऊ नकोस, भाड्याने आण, तो परत घालायचा प्रसंग येत नाही. आणि समजा पैठणी नवी घ्यायचीच आहे तर घाई न करता घे. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करून बघायचा, नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते, मागे सुट्या धाग्यांची जाळी नसते. मागच्या बाजूला कापलेले धागे लोंबत असतील तर ती मशीनवरची. मशीनवरची घेणं गुन्हा नाही, पण हातमागाची म्हणून हातमागाच्या भावात ती गळ्यात पडायला नको, कारण तुझे ते पैसे येवल्याच्या विणकरापर्यंत पोचतच नाहीत. दोन-अडीच हजारात "प्युअर सिल्क हातमाग पैठणी" असं कोणी म्हणालं तर सरळ पुढच्या दुकानात जा. जमलं तर विदर्भातली करवत काठी पण बघून ये एकदा, नागपूर-भंडाऱ्याकडची, टसरची, काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी. पैठणीइतकं तिचं नाव झालं नाही आणि विणणारी घरं कमी होत चाललीत. मला तर ती पैठणीपेक्षाही जास्त आवडते.

लेबलांचं थोडक्यात सांगते, कारण यातच जास्त फसवणूक आहे. "इको", "कॉन्शस", "ग्रीन", "नॅचरल" हे शब्द कोणीही छापू शकतं, त्यावरून काहीच कळत नाही. हॅन्डलूम मार्क म्हणजे हातमागावर विणलेलं. खादी मार्क म्हणजे सूतही हाताने कातलेलं आणि कापडही हाताने विणलेलं. सिल्क मार्क फक्त एवढंच सांगतो की रेशीम शुद्ध आहे, ते हातमागाचं आहे की मशीनचं हे त्यावरून कळत नाही आणि दुकानदार नेमकं तिथंच गुंडाळतात. गॉट्स हा ऑरगॅनिक कापडाचा स्टँडर्ड त्यातल्या त्यात कडक, त्यात रंगाई आणि कामगारांच्या अटीही येतात. लेबलवर नुसतं ऑरगॅनिक असेल तर निदान ९५ टक्के धागा ऑरगॅनिक, "मेड विथ ऑरगॅनिक" असेल तर निदान ७० टक्के, आणि लेबलवर लायसन्स नंबर असतो तो त्यांच्या साइटवर टाकून तपासता येतो. तोही शंभर टक्के निर्धोक आहे असं नाही हं, २०२० मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं की आपल्या देशातून तब्बल २०,००० टन कापसाची खोटी सर्टिफिकेटं निघाली होती. ओएको-टेक्सचं लेबल कपड्यात अपायकारक केमिकल राहिलेलं नाही एवढं सांगतं, शिवणारीला काय मिळालं ते नाही. "बांबू फॅब्रिक" म्हणून जे मऊमऊ मिळतं ते बहुतेक वेळा व्हिस्कोसच असतं, म्हणजे बांबूचा लगदा केमिकलमध्ये विरघळवून काढलेला धागा. आणि बाटल्यांपासून बनवलेला टीशर्ट हाही शेवटी पॉलिस्टरचाच, धुताना त्याचे बारीक धागे पाण्यात जायचे ते जातातच.

कापड सुती आहे का अशी शंका आली तर कडेचा एक दोरा काढून चिमट्यात धरून जाळून बघ, आई तुला दाखवेल, तिच्या पिढीला हे येतं. सुती असेल तर जळक्या कागदाचा वास आणि भुसभुशीत राख, रेशीम असेल तर जळक्या केसांचा वास, पॉलिस्टर असेल तर वितळून टोकाला कडक मणी होतो. व्हिस्कोस मात्र सुतासारखंच जळतं, तेवढं लक्षात ठेव. दुकानात हे करता येत नाही अर्थात, तिथं सरळ विचारायचं: हे कुठं विणलंय, कुणी, आणि बिलावर "हातमाग" लिहून द्याल का. शेवटच्या प्रश्नाला बरेच जण गडबडतात आणि तिथंच आपल्याला उत्तर मिळतं.

परवडण्याचं म्हणशील तर चार हजारांच्या कुर्त्याच्या वाटेला जाऊच नकोस. खादी भांडारात कापड मीटरवर घे, आपल्या गल्लीतल्या शिंप्याकडून शिवून घे, कितीतरी कमीत होतो, मापात बसतो, खिसा पाहिजे तिथं खिसा. आणि शिलाईचे पैसे कुणाच्या हातात पडतात ते तू स्वतः बघतेस, त्याच्याशी घासाघीस करू नकोस एवढंच. २ ऑक्टोबरच्या सुमारास खादीवर सूट असते, लग्नाची सगळी खरेदी तेव्हाच उरका. कधी वर्ध्याला जाणं झालं तर मगन संग्रहालयात जा, गांधीजींनी १९३८ मध्ये उद्घाटन केलेलं, तिथं नैसर्गिक रंगांची खादी मिळते. ऑनलाइन घेत असशील तर तीन साइज मागवून दोन परत करायची सवय सोड, परत गेलेला कपडा परत शेल्फवर जातोच असं नाही आणि ती ने-आण वेगळीच.

तुझं कपाट. एकदम सगळं रिकामं करून पिशव्या भरून दान करण्याचा झटका येईल तुला, तो थोडा आवर. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत देशभरातून इतके जुने कपडे गेले की रस्त्याकडेला ढीग पडून होते, आणि गुंजसारख्या संस्थेला ते गोळा करून, निवडून कामी लावावे लागले. जुने कपडे दिले की आपलं मन हलकं होतं आणि आपण नवीन घ्यायला मोकळे होतो, मला यातलं दुसरं जास्त धोक्याचं वाटतं. म्हणून आधी तीन ढीग कर. एक, घालते ते. दोन, थोडं काम केलं तर घालेन ते, म्हणजे चेन बिघडलेली, उंची जास्त, बाही घट्ट, रंग उडालेला. हा ढीग बहुतेक सगळ्यात मोठा निघेल. तो शिंप्याकडे, रफूवाल्याकडे टाक, रंग उडालेलं सुती असेल तर रंगवून आण. चांगला रफूवाला सापडला तर त्याला धरून ठेव, शहरात आता ते शोधावे लागतात. तीन, जे खरंच घालणार नाहीस ते: चांगल्या अवस्थेतलं मैत्रिणींना, बहिणींना, धुऊन इस्त्री करून गुंजला, त्यांची मुंबईत कलेक्शन सेंटर आहेत. बोहारीण तुमच्याकडे अजून येत असेल तर तिलाही दे, एका पातेल्यासाठी तिच्याशी तासभर हुज्जत न घालता. ती नेलेला प्रत्येक कपडा निवडते, शिवते, धुते आणि बाजारात विकते, ज्याला आज सर्क्युलर इकॉनॉमी म्हणतात ते ती कधीपासून डोक्यावर गाठोडं घेऊन करतेय आणि तिला कुणी त्याचं क्रेडिट देत नाही. अगदी विरलेल्या सुती साड्या कुणालाच देऊ नकोस, त्यांची गोधडी शिवून घे, भावाला लग्नात तीच दे हवं तर, आजीच्या आणि आईच्या साड्यांची.

पुढे कपडे घेताना शक्यतो एकाच धाग्याचं घे, पूर्ण सुती किंवा पूर्ण लोकरी. याचं कारण पानिपतला कळतं. जगभरातले टाकलेले लोकरी कपडे तिथं येतात, फाडून, पिंजून त्याचं परत सूत होतं आणि ब्लँकेटं बनतात. पण सूत आणि पॉलिस्टर मिसळलेलं असलं की ते वेगळं काढणं फार अवघड, म्हणून असा कपडा शेवटी जळतो नाहीतर कुठंतरी पडून राहतो. आणि ते पिंजणारे लोक दिवसभर त्या धुळीत श्वास घेतात, म्हणून "रिसायकल होईल की" असं म्हणून बिनधास्त घेत सुटू नकोस.

आईला कसं सांगू याचं अजून थोडं राहिलं. एका बैठकीत सगळं पटणार नाही. ५२ च्या तीस झाल्या तरी तू खूप केलंस असं मी समजेन, खरंच. काकू अडून बसली तर तिच्या माहेरच्या नावांना हात लावू नकोस, बाकीच्यांवरून सुरुवात कर. आणि मानाच्या साड्या आणायला आईला आणि काकूला दोघींनाही सोबत घेऊन जा, त्यांना हात लावून बघू दे, दोघींना कापडातलं तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. हातमागाची सुती साडी हातात घेतल्यावर त्या साडेचारशेच्या गठ्ठ्याकडे वळणार नाहीत असं मला वाटतं. फक्त आत्तापासून तारखा धर: दसऱ्याच्या आत मुलीकडच्यांना फोन, ऑक्टोबरमध्ये खरेदी, आणि ब्लाउज दिवाळीच्या आधी शिंप्याकडे टाकून मोकळी हो, नोव्हेंबर उजाडला की लग्नसराईचं काम कुणीच घेत नाही आणि मग ऐनवेळी रेडिमेड आणायची पाळी येते.